पाटी

सुरतेच्या नवागामात गणपती उठले आणि मंडळाच्या पेटीत यंदा बरे पैसे उरले. नंदुरबार, शिंदखेडा, अमळनेरकडून येऊन उधन्याला उतरलेला माणूस पहिली रात्र कुठे काढतो, हे इथल्या घरोघरी ठाऊक. गाववाला सापडला तर त्याच्या खोलीत, नाहीतर फलाटावर किंवा पुलाखाली. लूमच्या खात्यात काम लागलं तरी पगार हाती पडेपर्यंत डिपॉझिट कुठून भरणार? म्हणून ठरलं: देवळामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड टाकायची, नळ घ्यायचा, दोन संडास बांधायचे. नव्या माणसाने महिनाभर फुकट राहावं.

हे एका बैठकीत ठरलं. पाटीवर नाव कुणाचं, यावरून मात्र पुढच्या सगळ्या बैठका मोडल्या. जागा देणाऱ्याला आईचं नाव हवं होतं, पत्रे देणाऱ्याला दुकानाचं. अध्यक्ष म्हणाले, वर्गणी मंडळाने काढली, नाव मंडळाचंच. पत्रे आणून टाकलेले, तसेच गंजत पडले. पुलाखाली एक जोडपं लहान मुलीला घेऊन ताडपत्रीच्या आडोशाला राहत होतं. त्यांना ‘या आठवड्यात होईल’ असं सांगून सगळ्यांनाच लाज वाटू लागली होती.

शेवटी आप्पांना बोलावलं. आप्पा डाइंग मिलमधून निवृत्त झालेले. बैठकीत सहसा बोलत नसत.

“तुमची काकू आजारी होती तेव्हा आम्ही टाटा हॉस्पिटलला गेलो,” ते म्हणाले. “मुंबईत ना ओळख, ना पाळख. कुणीतरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पाठवलं. तिथे हॉस्पिटलचा कागद बघितला. जात विचारली नाही, गाव कुठलं म्हणून नाक मुरडलं नाही. आम्हालाही कधी विचारावंसं वाटलं नाही की या भिंतीचा पैसा कुणाचा.”

मग आप्पा गाडगे बाबांविषयी बोलत राहिले. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा परिटाचा पोर, डेबूजी. 1905 साली घर सोडलं. हातात खराटा, जवळ एक गाडगं. ज्या गावात जायचे ते गाव दिवसा झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. पंढरपूरला बघितलं तर वारीला आलेल्या अस्पृश्यांना धर्मशाळांची दारं बंद. बायका-पोरं पावसात उघड्यावर. पंढरीचं देऊळ त्यांना खुलं व्हायला 1947 साल उजाडावं लागलं, आपल्या अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. बाबांनी त्याच्या कितीतरी आधी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. देव भेटेल तेव्हा भेटेल, माणसाला आज रात्री छप्पर पाहिजे, हे त्यांना कळलं होतं.

“आणि बांधून झाल्यावर?” अध्यक्षांनी विचारलं.

“1949 मध्ये ती डॉक्टर आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. शिकणाऱ्या पोरांची सोय व्हावी म्हणून. नाशिक, आळंदी, देहू, कुठे कुठे धर्मशाळा उभ्या केल्या, आणि आपला कुणी शिष्य नाही म्हणायचे. 1956 च्या डिसेंबरात गेले ते अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, मोटारीत. एवढी छपरं बांधली, पण मरताना डोक्यावर स्वतःचं छप्पर नव्हतं.”

पत्रेवाला दुकानदार खाली बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आप्पा, मग पाटी लावायचीच नाही का?”

“लाव की. येणाऱ्याला उपयोग होईल असं काही लिही तिच्यावर.”

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला. चौथ्या दिवशी ताडपत्रीतलं बिऱ्हाड शेडमध्ये आलं. पोरीच्या आईने आधी नळ सोडून पाहिला, मग चूल कुठे मांडू म्हणून विचारलं. पाटी रंगवून झाली, तिच्यावर पाण्याची वेळ लिहिली आणि खाली संडास धुण्याच्या पाळ्या. सोमवार अध्यक्षांचा, मंगळवार जागा देणाऱ्यांचा. पत्रेवाल्याने बुधवार मागून घेतला, कारण त्या दिवशी त्याचं दुकान बंद असतं.