वाटेचे ऋण

आमच्या गावाबाहेर कालव्याच्या काठाने एक वाट आहे. मोठ्या रस्त्यावरून मालमोटारी भरधाव जातात, म्हणून पलीकडच्या वाड्यांवरची मुले या वाटेने सायकली मारीत शाळेत येतात. दर पावसाळ्यात वाट खचते, आणि दसऱ्याच्या आधीच्या एखाद्या रविवारी चार-सहा माणसे कुदळी-घमेली घेऊन ती नीट करतात. त्यांना कोणी बोलावीत नाही आणि कोणी मजुरीही देत नाही.

यंदा त्या रविवारी मी तिकडून चाललो होतो. घमेले खाली ठेवून एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "काय गुरुजी, लावता का हात?"

"अहो, हे काम सरकारचं," मी म्हणालो. "आपण करीत राहिलो तर ते कशाला करतील?"

"तेही खरंच," ते हसून म्हणाले, "पण पोरं उद्या यायचीत ना!"

मी पुढे निघालो. माझे उत्तर बिनतोड होते. तरी ते घरापर्यंत माझ्या पाठीस लागले. मी जे बोललो ते तत्त्व होते, की आळसावर पांघरलेली शाल होती?

आक्षेप पोकळ नव्हे, हे आधी मान्य केले पाहिजे. रस्ता, पाणी, दिवा ही कामे आपण कर भरून शासनावर सोपविली आहेत. शिवाय श्रमदानाला फावला वेळ लागतो. रविवारीही रोजावर जावे लागते त्या वस्तीची वाट कोणी बांधायची? सेवाभावावर सारे सोडले, तर चांगल्या वाटा सुखवस्तूंच्याच दारी जातील.

याच विचारात असताना मला इंग्लंडातील ब्रिस्टल शहराची हकीकत आठवली. ब्रिस्टल ते बाथ हा एक लोहमार्ग १८६९ साली सुरू झाला. १९६६ साली त्यावरची उतारूंची वाहतूक बंद पडली आणि पुढे काही वर्षांत मालगाड्याही थांबल्या. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही. म्हणून रुळांखालची जमीन मुळातच सौम्य उताराची बांधलेली असते. लहान मुलाने किंवा म्हाताऱ्याने सायकल चालवावी, तर अशीच जागा हवी. हे ओळखले ते १९७७ साली एकत्र आलेल्या 'सायकलबॅग' नावाच्या मंडळीने. १९७९ साली स्वयंसेवकांनी फावडी हाती घेतली आणि बाथपासून बिटनपर्यंत सुमारे ८ किलोमीटरची वाट उभी केली. १९८६ पर्यंत ती ब्रिस्टलला पोहोचली आणि सुमारे २१ किलोमीटरची झाली.

मग शासनाची जबाबदारी सुटली काय? घडले ते उलटच. त्या मंडळीतूनच पुढे 'सस्ट्रान्स' ही संस्था वाढली, आणि १९९५ साली देशभर सायकलवाटांचे जाळे विणण्यासाठी तिला राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून ४ कोटी ३५ लाख पौंड मिळाले. लोकांच्या हातची ८ किलोमीटर वाट म्हणजे एक अर्जच होता. पण तो कागदावर नव्हे, जमिनीवर लिहिलेला होता. पुढे २००८ साली याच वाटेवरून बसगाड्या नेण्याची योजना निघाली, तेव्हा नागरिक विरोधाला उभे राहिले आणि ती योजना बाजूला ठेवावी लागली. आपली म्हणून जपलेली वस्तू माणूस सहजी सोडीत नाही.

हे सारे मनात घोळवीत पुढल्या रविवारी मी कालव्यावर गेलो. काम बहुतेक आटोपले होते. ते गृहस्थ एकटेच पाण्याची चर मोकळी करीत होते. "वाटेचा वैरी चाक नव्हे, पाणी," ते म्हणाले. "त्याला बाजूला जायला जागा दिली, की वाट टिकते." मी कुदळ घेतली. थोड्या वेळाने, जुना वाद सोडवेना म्हणून, मी विचारले, "पण सरकारकडे मागायला नको का?"

"अर्ज तीन वर्षांपूर्वीच दिलाय, गुरुजी. दर वर्षी आठवणही देतो."

मी खाली मान घालून माती ओढू लागलो. सरकारचे काम, सरकारचे काम, असे म्हणणाऱ्या मी, रोज फळ्यावर लिहिणाऱ्या मी, त्या कामासाठी एक ओळही लिहिली नव्हती! राबणारे आणि मागणारे हात एकच होते. रिकामे होते ते फक्त माझे.

माणूस देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण घेऊन जन्मतो, असे आपण ऐकत आलो. शतपथ ब्राह्मणात चौथे ऋण सांगितले आहे ते माणसांचे, अन्न आणि आसरा देऊन फेडायचे. मला वाटते, वाट हाही एक आसराच आहे. ज्यांनी आपल्यासाठी वाट पाडली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात, म्हणून हे ऋण मागे फेडता येत नाही. ते पुढेच फेडावे लागते, आपले नाव ज्यांना कधी कळणार नाही अशांसाठी. देवळाच्या पायरीवर देणाऱ्याचे नाव कोरता येते. वाटेवर कोरले, तरी पहिल्या पावसात पुसून जाईल. नीट केलेली वाट तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. ध्यानात येतो तो खड्डा.

दिवाळीची सुट्टी संपली, की मुले पुन्हा त्या वाटेने येतील. कोणी खाली पाहणार नाही. तेवढे झाले की पुरे.