पोथीतले टिळक

हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. नामदेव म्हटले की कीर्तन आठवते. पण आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांतून त्यांनी ज्ञानदेवांचे चरित्रही अभंगांत सांगितले. संताने संताची कथा पद्यात सांगायची ही वाट अठराव्या शतकात ताहराबादच्या महिपतींनी रुंद केली आणि इंग्रजी अमलात ती दासगणू महाराजांपर्यंत आली. ‘आधुनिक महिपती’ हे बिरुद त्यांना मिळाले ते उगीच नव्हे.

दासगणू म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. त्यांचा जन्म १८६८ चा, नगरजवळच्या अकोळनेरचा. पोटासाठी इंग्रजी पोलिसांत शिपाईगिरी, हौसेसाठी तमाशाच्या लावण्या. नानासाहेब चांदोरकरांबरोबर शिर्डीला जाणे झाले आणि साईबाबांच्या सहवासात हळूहळू दोन्ही सुटले. पुढे नांदेड हे त्यांचे ठिकाण झाले. १९६२ साली पंढरपुरात देह ठेवीपर्यंत त्यांची कीर्तने आणि लेखन थांबले नाही.

नांदेड-हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाचा. कारभार उर्दूत, १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. अशा राज्यात मराठीला आधार होता तो देवळाच्या सभामंडपाचा. तिथे ओवी ऐकायला अक्षरओळख लागत नसे. दासगणूंची रचना या श्रोत्यासाठी आहे. यमक ठरलेले, वाक्य सरळ, प्रसंग भराभर पुढे सरकणारा. केशवसुतांच्या मापाने मोजले तर ती सामान्य ठरेल, पण तिने ते माप कधी मागितलेच नव्हते.

तिची खरी परीक्षा वेगळी आहे. १९३९ साली शेगावात पूर्ण झालेल्या त्यांच्या ‘श्रीगजानन विजय’ या गजानन महाराजांच्या चरित्रपोथीच्या पंधराव्या अध्यायात लोकमान्य टिळक येतात. अकोल्यातली शिवजयंती, टिळकांचे भाषण, गजानन महाराजांनी आधीच सांगितलेला तुरुंगवास, मुंबईला पोहोचवलेला भाकरीचा प्रसाद, मग मंडाले आणि ‘गीतारहस्य’. इंग्रजांचे राज्य चालू असताना, त्यांच्याच पोलिसांत नोकरी केलेल्या माणसाने त्यांच्या कैद्याला पोथीत बसवले. ‘केसरी’ जिथे पोहोचत नव्हता, त्या माजघरांत टिळक पारायणाच्या वाटेने शिरले.

मात्र याच अध्यायात या कवितेची मर्यादाही दिसते. १९०८ च्या शिक्षेमागे राजद्रोहाचा खटला होता, लेखणीला भ्यालेले सरकार होते. पोथीत ती शिक्षा विधिलिखित होते, तिच्यातून ग्रंथ जन्मणार म्हणून जवळजवळ हितकारक ठरते. अन्याय करणारा हात धूसर होतो. श्रोत्याला धीर मिळतो, संताप मिळत नाही. सगळे आधीच ठरलेले असेल, तर झगडायचे कशासाठी, हा प्रश्न तिथे उमटतच नाही.

म्हणून दासगणूंना ‘किरकोळ’ म्हणून बाजूला सारणे जितके चूक, तितकेच पोथीला हात जोडून गप्प बसणेही चूक. परतंत्र समाज स्वतःच्या पराभवाची समजूत कशी घालत होता, हे पाहायचे तर भाषणांच्या संग्रहांइतकीच ही ओवी वाचली पाहिजे. आमच्या विद्यापीठांत ती अभ्यासक्रमात यावी, तीही भक्तीचा नमुना म्हणून नव्हे, तर त्या काळाच्या राजकीय मनाचा दस्तऐवज म्हणून.