समुद्रात गेलेलं पाणी

दर पावसाळ्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं. दुर्गाडीजवळ खाडी दुथडी भरलेली दिसली की कुणीतरी म्हणतंच, "एवढं पाणी, सगळं समुद्रात वाया." बातम्यांत, भाषणांत, फॅमिली ग्रुपवर हेच. ऐकायला इतकं सरळ वाटतं की त्यातल्या 'वाया' या शब्दाकडे कुणी थांबून बघत नाही. वाया म्हणजे नेमकं कुणाच्या हिशोबाने?

आधी पाण्याबद्दल थोडं. मराठीत पिण्याजोग्या पाण्याला आपण 'गोडं' म्हणतो. त्यात साखर नसते, फक्त मीठ फारसं नसतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. गणित करून बघा: समुद्राचं एक लिटर पाणी सुमारे ७० लिटर अगदी शुद्ध पाण्याला त्या ५०० च्या रेषेपर्यंत नेऊन ठेवतं. मिसळायला काही लागत नाही, एक भरती पुरते. पण वेगळं करायला? आजच्या चांगल्या आरओ प्रकल्पातही समुद्राचं हजार लिटर पाणी गोडं करायला तीन-चार युनिट वीज जाते. मी दिवसभर कोड लिहितो, तिथे चुकलं की कंट्रोल-झेड असतं. पाण्याला ते नाही. सूर्य मात्र हेच काम रोज फुकटात करतो, आणि जूनमध्ये आपल्या डोक्यावर आणून ओततो.

दुसरी गोष्ट, खारं पाणी जड असतं. त्यामुळे नदी जिथे खाडीला मिळते तिथे दोन्ही पाणी लगेच एकजीव होत नाहीत. गोडं वरून वाहतं, खारं खालून पाचरीसारखं आत घुसतं. नदीला जोर असेल तर पाचर मागे सरकते, नदी आटली की पुढे येते. कल्याण नेमकं या सीमेवर वसलेलं शहर आहे. शहराचं पिण्याचं पाणी मोहने-मोहिलीच्या बाजूला उल्हास नदीतून उचललं जातं, आणि तिथून थोडं खाली आलं की भरती-ओहोटीचं राज्य सुरू होतं. म्हणजे नदीतून समुद्राकडे जाणारं पाणी खाऱ्याला खाली दाबून धरायचं काम करतं. ज्याला आपण वाया म्हणतो, त्याच्याच जोरावर आपला नळ गोडा आहे.

आता मला जास्त छळणारा भाग. पावसाळ्यात उल्हास काय करू शकते ते २७ जुलै २०१९ ला सगळ्यांनी पाहिलं, बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. पण एप्रिल-मेमध्ये ही नदी स्वतःच्या पाण्यावर वाहत नाही. तेव्हा तिच्यात येणारं बरंचसं पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं असतं. टाटांचं हे केंद्र १९२२ चं. घाटावर मावळात आंध्रा नदी ठोकळवाडीला अडवलेली आहे, ते पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून कड्याखाली सोडतात, टर्बाइन फिरतं आणि पाणी उल्हासला मिळतं. आंध्रा नदीने स्वतःचा रस्ता धरला असता तर ती इंद्रायणीला मिळाली असती, देहू-आळंदीवरून भीमेत गेली असती, पंढरपूरला चंद्रभागा झाली असती, पुढे सोलापूर जिल्हा ओलांडून कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. (आमच्याकडे मे महिन्यात नळाला येतं ते एका अर्थाने वारीचंच पाणी. वारी न करता.)

मग वाया कुणाचं गेलं? भीमेच्या काठच्या, पर्जन्यछायेतल्या शेतकऱ्याने विचारलं की भरपूर पावसाच्या कोकणात आमचं पाणी का ओतता, तर तो चुकीचं काहीच बोलत नाही. कोयनेचंही तेच, कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी वीज करून वाशिष्ठीत सोडतात. आणि शेजारच्या खोऱ्यात टाटांच्याच धरणासाठी गावं बुडणार म्हणून १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. मुंबईला वीज हवी होती. हवी होती हे खरंच, पण किंमत दुसऱ्याच्या खात्यावर पडली.

यावर एक सोपं उत्तर असतं: पाणी सगळ्यांचं. मला ते पळवाट वाटतं. सगळ्यांचं म्हटलं की जो खालच्या अंगाला, पंपाजवळ आणि मतदारसंख्येने मोठा आहे, त्याचं होतं. 'जिथे पडलं त्याचंच' हेही टिकत नाही, कारण मग लाखो माणसांच्या कल्याण-डोंबिवलीने मे महिन्यात प्यायचं काय? शंभर वर्षांत त्या वळवलेल्या पाण्यावर अख्खी शहरं उभी राहिली. त्यांना आज 'परत करा' म्हणणं न्याय वाटत नाही. पण 'आता ते आमचंच' म्हणणंही नाही. माझ्या मते ते उसनं आहे, आणि उसन्या वस्तूला दोन अटी असतात: लागेल तेवढीच वापरायची, आणि खराब करून ठेवायची नाही.

दुसऱ्या अटीवर आपण साफ नापास आहोत. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरमार्गे कल्याणला येते. मंदिर १०६० सालचं, नदी त्याहून कितीतरी जुनी. आज तिला नदी म्हणायलाही लोक बिचकतात, नाला म्हणतात. एकदा नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायची परवानगी आपोआप मिळते. शब्दांची ही ताकद 'वाया'सारखीच. सांडपाणी आणि रसायनं घेऊन ती खाडीत उतरते.

आणि खाडीला गोडं पाणी लागतं. तेही चांगलं. खारफुटी निव्वळ खाऱ्यात तग धरते, फोफावते मात्र मिसळलेल्या पाण्यात. जिताडा अंडी घालतो खाऱ्यात, त्याची पिल्लं वाढायला गोड्या पाण्याकडे वर येतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. सगळ्यात सुंदर हिशोब मला खाजणातल्या भातशेतीचा वाटतो. आगरी लोकांनी बांध घालून भरती बाहेर ठेवली. जून-जुलैचा पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन समुद्रात नेतो, मग त्याच मातीत भात लावायचा. ते धुऊन गेलेलं पाणी वाया गेलं असं एकही आगरी शेतकरी म्हणणार नाही. ते गेलं म्हणूनच तर पीक आलं.

मराठवाड्यात उभं पीक जळताना पाहिलेल्या माणसासमोर जिताड्याची गोष्ट सांगायची मला लाज वाटेल, हेही खरं. त्याचा राग खोटा नाही. उल्हास-वैतरणेचं पाणी उचलून गोदावरीत न्यायच्या योजना त्याच रागातून येतात. आता गंमत बघा: एका घाटातून पाणी खाली सोडून वीज करायची, आणि दुसऱ्या घाटावर वीज जाळून पाणी वर चढवायचं. काही ठिकाणी कदाचित तेही करावं लागेल. पण त्याआधी आमच्यासारख्या शहरांनी एक हिशोब द्यायला हवा. संडासात आम्ही पिण्याचंच पाणी का ओततो? सांडपाणी शुद्ध करून बांधकामाला, कारखान्यांना, बागांना का देत नाही? नदीतून जितकं कमी उचलू, तितकं घाटावर मागे ठेवायची निदान बोलणी तरी करता येतील.

माझ्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा विषय काढला, तेव्हा एका काकांनी विचारलं, "खर्च कोण करणार?" प्रश्न योग्यच होता. फक्त भिवपुरीचा पाइप टाकला तेव्हा तो मावळात कुणी विचारला होता की नाही, हे मला त्यांना सांगता आलं नाही. पुढचा विषय पार्किंगचा होता.