म्हण कोणाला सांगावी?

उपदेश करणाऱ्याला म्हण फार उपयोगी पडते. दहा वाक्यांत जे नीट समजावता येत नाही ते ती एका वाक्यात सांगून जाते, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षातही राहते. आपल्या मराठी म्हणी तर आहेतच. परंतु शाळेत इंग्रजी शिकलेल्या आपल्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी म्हणीही आपल्याशा केल्या आहेत. निबंधासाठी पाठ केलेल्या त्या म्हणी पुढे मंडळीच्या सभेत, कमिटीच्या बैठकीत आणि घरच्या वादात आपोआप तोंडी येतात. त्यांतल्या काही तर इतक्या धार्मिक वाटतात की त्या पवित्र शास्त्रातल्याच आहेत असे पुष्कळजण धरून चालतात.

'गॉड हेल्प्स दोज हू हेल्प देमसेल्व्ह्ज', म्हणजे जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो, ही अशांपैकी एक. शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गाला हे वचन शोधून काढायला सांगून पाहावे. कोणी नीतिसूत्रे चाळतील, कोणी याकोबाचे पत्र उघडतील. शास्त्राच्या ६६ पुस्तकांत ते कोठेही सापडणार नाही.

मग ते आले कोठून? इसापच्या गोष्टींत एका गाडीवानाची गोष्ट आहे. त्याची गाडी चिखलात रुतते आणि तो नुसता उभा राहून हर्क्युलीस या बलाढ्य देवाचा धावा करतो. देव त्याला सांगतो, आधी चाकाला खांदा लाव, मग मला हाक मार. इंग्रजीत कंबर कसून कामाला लागणे या अर्थी 'चाकाला खांदा लावणे' असा वाक्प्रचार आहे, तो याच गोष्टीशी जोडला जातो. फ्रेंच कवी ला फोंतेन याने १६६८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बोधकथांत ही गोष्ट घेतली, आणि तू स्वतःला मदत कर म्हणजे स्वर्ग तुला मदत करील, ही फ्रेंचांची रोजच्या बोलण्यातली म्हण झाली. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ च्या आपल्या पंचांगात तिचे इंग्रजी रूप छापले. सॅम्युअल स्माइल्स याचे स्वावलंबनावरचे प्रसिद्ध पुस्तक १८५९ साली निघाले, त्याचा आरंभच या म्हणीने होतो. म्हणजे ज्या वचनाला आपण मोशेच्या आणि पौलाच्या शेजारी बसवतो, त्याचे मूळ हर्क्युलीसच्या गोष्टीत आहे.

मूळ परके आहे एवढ्यावरून म्हण खोटी ठरत नाही. गाडीवान धडधाकट होता, त्याच्या हाताला काम करण्याची ताकद होती. त्याला जे सांगितले ते योग्यच होते. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणणाऱ्याला आपणही तेच सांगतो. परीक्षा जवळ आली असता पुस्तक मिटून केवळ प्रार्थना करीत बसणाऱ्या मुलाला हे सांगण्यात काही चूक नाही.

पण आता हीच म्हण उचलून बेथेस्दा तळ्याच्या काठी नेऊ या. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात ३८ वर्षे आजारी असलेला एक मनुष्य तेथे पडला आहे. त्याचे गाऱ्हाणे असे की पाणी हालते तेव्हा मला तळ्यात उतरवायला माझे कोणी माणूस नाही. त्या ३८ वर्षांत किती जणांनी जाता जाता त्याला स्वावलंबनाचा उपदेश केला असेल, याचा विचार करावा. प्रभु येशूने तसा उपदेश केला नाही. त्याने आधी विचारपूस केली, मग बरे केले, आणि बाज उचलून चालायला सांगितले. त्या मनुष्याने पाऊल टाकले हे खरे. परंतु ते मदत मिळाल्यावर टाकले. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती मनुष्य तर चौघांनी उचलून, छप्पर उघडून खाली सोडला. त्याने स्वतःला मदत केली असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

येथे कोणी विचारील, काम करू इच्छीत नाही त्याने खाऊही नये, असे पौलाने थेस्सलनीकाकरांस सांगितलेच ना? सांगितले खरे. पण दोन गोष्टी पाहाव्या. एक, तो 'इच्छीत नाही' असे म्हणतो. 'ज्याला करता येत नाही' असे म्हणत नाही. दुसरी, हा नियम त्यांना घालून देण्याआधी आपण त्यांच्यामध्ये रात्रंदिवस स्वतः श्रम करून राहिलो, कोणाचे अन्न फुकट खाल्ले नाही, याची तो आठवण करून देतो. त्याने तो नियम प्रथम स्वतःला लावला आणि मग दुसऱ्याला सांगितला.

माझ्या मते खरा प्रश्न येथेच आहे. म्हण खरी की खोटी एवढेच विचारून भागत नाही. ती कोण, कोणाला आणि कशासाठी सांगतो, यावर तिचा खरेपणा अवलंबून असतो. स्वतःला सांगितली तर जी म्हण चाबकासारखी उपयोगी पडते, तीच दुसऱ्याला सांगितली की पुष्कळदा बंद दारासारखी होते.

दुसरी एक म्हण घेऊ. 'चॅरिटी बिगिन्स अ‍ॅट होम', दानधर्माची सुरुवात घरापासून. वर्गणीचे पुस्तक घेऊन कोणी दारात उभा राहिला की ही म्हण हमखास आठवते. परंतु 'चॅरिटी' या शब्दाचा अर्थ पूर्वी पुष्कळ मोठा होता. १६११ सालच्या इंग्रजी शास्त्रात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात सर्वत्र हाच शब्द आहे. आपल्या मराठी शास्त्रात तेथे 'प्रीती' आहे. पुढे 'चॅरिटी'चा अर्थ आखडत भीक आणि देणगी एवढाच उरला, म्हणून १८८१ च्या सुधारलेल्या इंग्रजी भाषांतरात तो शब्द बदलावा लागला. तेव्हा जुन्या अर्थाने ही म्हण पैशाविषयी बोलत नाही. प्रीती करायला माणूस प्रथम घरात शिकतो, असे ती सांगते. घर ही प्रीतीची शाळा आहे. शाळेत जन्मभर बसून राहायचे नसते. शिकून बाहेर पडायचे असते.

फ्रेंच भाषेत ही म्हण थोडी वेगळी आहे: सुव्यवस्थित प्रीती स्वतःपासून सुरू होते. प्रथम ऐकताना हे इंग्रजीपेक्षाही अधिक स्वार्थी वाटते. इंग्रजाने निदान घर तरी म्हटले, फ्रेंच माणूस सरळ स्वतःवर आला! पण 'सुव्यवस्थित' हा शब्द विचार करायला लावणारा आहे. प्रीतीला क्रम असावा, हा ख्रिस्ती विचार ऑगस्तीनच्या काळापासूनचा आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने तो क्रम तपशिलाने मांडला. प्रथम देव, मग स्वतःचा आत्मा, मग शेजारी, आणि शेजाऱ्याच्याही खाली स्वतःचे शरीर. म्हणजे शेजाऱ्याच्या आत्म्याच्या हितासाठी आपल्या शरीराची झीज सोसावी असा त्याचा अर्थ आहे. स्वतःपासून सुरुवात करायची ती आपला आत्मा नीट ठेवण्याची; आपला खिसा नीट ठेवण्याची नव्हे.

ही म्हण ज्यांनी ऐकायलाच हवी असेही लोक आहेत. आईबापांना जे द्यायचे ते देवाला अर्पण केले असे सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने मार्काच्या सातव्या अध्यायात चांगलेच खडसावले आहे. जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट, अशा अर्थाचे पौलाने तीमथ्याला लिहिले. सभांतून सेवेची भाषणे करणारा आणि घरात बायकोशी धड न बोलणारा जो असेल, त्याने ही म्हण रोज सकाळी स्वतःला सांगावी. परंतु पुरात घर वाहून गेलेल्या अनोळखी माणसाला ती ऐकवण्याचा अधिकार आपल्याला तिने दिलेला नाही. सुरुवात घरापासून, एवढेच ती म्हणते. शेवटही उंबऱ्याच्या आतच, हे आपण पदरचे जोडतो.

तिसरी म्हण इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये जवळजवळ सारखीच आहे. 'शाकँ पूर स्वा, ए द्य पूर तू' असे फ्रेंच म्हणतात: प्रत्येकजण आपल्यापुरता आणि देव सगळ्यांसाठी. इंग्लंडात जॉन हेवूडने १५४६ साली म्हणींचा जो ग्रंथ छापला त्यातही ती आढळते. इंग्रजीत या म्हणीला दुसरे एक शेपूटही जोडतात: प्रत्येकजण आपल्यापुरता, आणि जो मागे राहील त्याला सैतान नेवो. पहिले शेपूट भक्तीचे, दुसरे निर्दयपणाचे. पण जो खरोखर मागे राहिला आहे त्याच्या बाजूने पाहा. पुढे गेलेल्यांनी त्याला देवावर सोपवले काय आणि सैतानाला दिले काय, त्याच्याजवळ थांबले कोणीच नाही. दोन्ही म्हणींत त्याच्या वाट्याला सारखेच आले.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, आणि तीनच वचने पुढे जाऊन म्हणतो की प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा. उतावळ्या वाचकाला हा विरोध वाटेल. परंतु दोन्ही वाक्ये बारकाईने वाचली की ती कोणाला लागू आहेत हे दिसते. माझा भार मी वाहीन, हे मी स्वतःविषयी म्हणायचे. तुझे ओझे मी उचलीन, हे शेजाऱ्याविषयी म्हणायचे. यांची अदलाबदल केली की तुझा भार तू वाहा, आणि माझे ओझे तू उचल, असे होते. शब्द बहुतेक तेच राहतात आणि शुभवर्तमान मात्र नाहीसे होते.

म्हणींच्या या स्वभावाची शास्त्राला चांगली ओळख आहे. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात मूर्खाला त्याच्यासारखे उत्तर देऊ नये असे एक वचन आहे, आणि लगेच त्याच्या खाली द्यावे असे दुसरे. दोन्ही ठेवली आहेत, कारण प्रसंग ओळखण्याचे काम वाचकाचे आहे. त्याच अध्यायात मूर्खाच्या तोंडच्या म्हणीला लंगड्याच्या लोंबणाऱ्या पायांची आणि मद्यप्याच्या हातातल्या काट्याची उपमा दिली आहे. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस मुकाट्याने बसले तोवर ठीक होते. ते बोलू लागले तेव्हा ईयोबाने त्यांच्या सुभाषितांना राखेची उपमा दिली. त्या मित्रांची कित्येक वाक्ये एरव्ही खरी होती. पण ती दहा मुले गमावलेल्या बापाला सांगितली गेली. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात तर, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, या अर्थाची लोकांच्या तोंडी असलेली म्हण यापुढे इस्राएलात चालणार नाही, असे परमेश्वर स्वतः सांगतो.

मग दुसऱ्याला म्हण कधी सांगूच नये काय? तसे नाही. मुलांना, तरुणांना, चुकणाऱ्या भावाला सांगावेच लागते. पण चिखलात उतरून ज्याने दुसऱ्या चाकाला आपला खांदा लावला आहे त्याने 'लाव जोर' म्हणणे वेगळे, आणि रस्त्याच्या कडेला कोरड्या पायांनी उभे राहून म्हणणे वेगळे. पहिल्याचा शब्द ऐकणाऱ्याला बळ देतो. दुसऱ्याचा शब्द ऐकून माणूस आणखी एकटा पडतो.

पिलाताच्या गोष्टीवरून इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये 'हात धुणे' हा वाक्प्रचार रूढ झाला आहे. एखाद्या कामातून आपले अंग काढून घेणे, असा त्याचा अर्थ. पिलाताला त्यासाठी पाणी मागवावे लागले. आपल्याला पुष्कळदा एक चांगलीशी म्हण पुरते. ती उच्चारली की काहीतरी शहाणपणाचे केल्यासारखे वाटते, समोरचा निरुत्तर होतो, आणि आपले हात कोरडे व स्वच्छ राहतात.

म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना म्हण शिकवताना तिचा अर्थ सांगून थांबू नये. ही म्हण कोण सांगतो आहे, कोणाला सांगतो आहे, आणि सांगून झाल्यावर तो स्वतः काय करतो, हे तीन प्रश्न त्यांना विचारावे. मुले फार लवकर समजतात. उत्तरे देता देता ती आपल्याकडे, मोठ्यांकडेही पाहतील, आणि तिसऱ्या प्रश्नाचे आपले उत्तर त्यांना शब्दांवाचून कळेल.