विद्येचा अधिकार आणि व्यवसायाची अट

इंग्लंडातील विद्यार्थी सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा देऊन ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन वर्षांत प्रवेश करतो, तेव्हा तोवर आठ-दहा विषयांत विखुरलेले त्याचे अध्ययन एकाएकी संकोच पावते आणि बहुधा तीनच विषय त्याच्या हाती उरतात. १९५१ साली ए-लेव्हल परीक्षेचा आरंभ झाल्यापासून या व्यवस्थेत फेरफार पुष्कळ झाले; १९८८ साली हिगिन्सन समितीने पाच विषयांची शिफारस केली आणि सरकारने ती नामंजूर केली, २००४ साली टॉमलिन्सन समितीने या साऱ्या परीक्षा एका व्यापक पदविकेत सामावून घेण्याची तजवीज सुचविली आणि तिचाही तोच निकाल लागला; तीन विषयांची वहिवाट मात्र अबाधित राहिली. या वहिवाटीमुळे घरोघरी, आणि लंडनच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांत तर विशेष आग्रहाने, त्या सुमारास मुलामुलींना एकच प्रश्न विचारला जातो, की पुढे काय व्हायचे आहे. आणि त्याचे उत्तर एकदा मिळाले की विषय आपोआप ठरतात अशी सर्वांची समजूत असते. प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. परंतु विद्या हे साधन, व्यवसाय हे साध्य, आणि ते साध्य सोळा वर्षांच्या मुलाला आजच ज्ञात आहे, ही सारी गृहीते त्याच्या पोटात दडलेली आहेत, आणि ती तपासून न पाहता मुलाच्या अर्जावर विषय लिहिणे ही माझ्या मते फार मोठी निष्काळजी आहे.

उपजीविकेची चिंता करणाऱ्या पालकाला हिणवण्याचा येथे लेशमात्र हेतू नाही. आपल्या परंपरेने अर्थाला पुरुषार्थांत स्थान दिले आहे. तैत्तिरीय उपनिषदातील भृगू वरुणाकडे ब्रह्माची पृच्छा करण्यास जातो, तेव्हा तपाचरणाअंती त्याला प्रथम जे उमगते ते अन्न हेच ब्रह्म होय, आणि पुढच्या पायऱ्या चढून तो आनंदापर्यंत पोहोचल्यावरही त्याला अन्नाची निंदा न करण्याचे व्रतच सांगितले जाते. परक्या मुलखात जाऊन, भाड्याच्या खोलीपासून संसार उभा करून, ज्या माणसाने मुलांना शिकविले, त्याला मुलाच्या भाकरीची काळजी वाटणे हे स्वाभाविकच नव्हे तर उचित आहे. प्रश्न इतकाच, की ही काळजी विद्येच्या निवडीत कोणत्या स्थानी बसवावी.

फलाशा सोडून कर्म करावे हा गीतेचा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो, आणि म्हणूनच कदाचित त्याचा अर्थ आपण उतावळेपणाने लावतो. निष्काम म्हणजे निर्हेतुक असा समज करून घेऊन मग व्यवहारात तो उपदेश निरुपयोगी ठरवितो. वस्तुतः हेतुशून्य कर्म कोणीच करू शकत नाही. वैद्य रोग्याला बरे करण्याच्या हेतूने औषध देतो, आणि हा हेतू त्याच्या कर्माच्या गाभ्यातच असतो. तो काढून घेतला तर वैद्यकी उरतच नाही. परंतु त्या वैद्यकीमुळे मिळणारे वेतन, समाजात होणारी वाहवा, नातेवाइकांच्या मेळाव्यात आईवडिलांची ताठ होणारी मान, ही सर्व कर्माच्या बाहेरची फळे होत. ती मिळाली तरी वैद्यकी चांगली होते असे नाही, न मिळाली तरी ती वाईट ठरत नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्त्याच्या बुद्धीला जे निर्णायक महत्त्व दिले आहे, त्याचा येथे फार उपयोग होतो. रसायनशास्त्र घेणाऱ्या दोन विद्यार्थिनींपैकी एकीला शरीरातील क्रिया कशा घडतात हे जाणून कोणाचे तरी दुःख हलके करावयाचे आहे, आणि दुसरीला डॉक्टरांच्या कुटुंबात डॉक्टर व्हावयाचे आहे. अर्जावरील अक्षरे दोघींची एकच असतात, पण पहिलीची निवड विद्येच्या अंगानेच झालेली आहे आणि दुसरीची विद्येला वळसा घालून. हा भेद बाहेरून दिसत नाही, म्हणून तो नाही असे मात्र म्हणता येणार नाही.

हीच गोष्ट प्रवेशाच्या अटींकडे पाहिले असता अधिक स्पष्ट होते, आणि येथे मला आचार्यांच्या एका विवेचनाची आठवण होते. ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या आरंभीच शंकराचार्यांपुढे प्रश्न उभा राहतो, की ब्रह्मजिज्ञासेपूर्वी जिज्ञासूच्या ठिकाणी काय असले पाहिजे. धर्मजिज्ञासा, म्हणजे कर्मकांडाचा विचार, ही त्याची पूर्वअट आहे असे मानणाऱ्यांचे मत आचार्य ग्राह्य धरीत नाहीत. वेदान्ताचे अध्ययन केलेल्याला तिच्याविनाही ब्रह्मजिज्ञासा संभवते, असे ते म्हणतात. त्यांच्या मते जे आधी हवे ते नित्य आणि अनित्य यांचा विवेक, भोगांविषयी वैराग्य, शमदमादी साधनसंपत्ती आणि मुमुक्षुत्व. अधिकार म्हणजे मक्ता नव्हे, किंवा दरवाजावर चुकती करावयाची रक्कमही नव्हे. पुढे जे यावयाचे ते धारण करण्याची पात्रता अंगी आणणारी ती तयारी आहे. या दृष्टीने पाहता वैद्यकाच्या बहुतेक विद्यापीठांनी रसायनशास्त्राचा, आणि त्याच्या जोडीला पुष्कळदा जीवशास्त्राचा, धरलेला आग्रह रास्त ठरतो, कारण रसायनावाचून औषधांचे कार्य कळणारच नाही; अभियांत्रिकीला गणित आणि बहुधा भौतिकशास्त्र लागते, तेही त्याच न्यायाने. उलट कायद्याची पदवी घेण्यासाठी ए-लेव्हलला कायदा हा विषय घेतलाच पाहिजे असे विद्यापीठे सामान्यतः म्हणत नाहीत. इतिहास, वाङ्मय किंवा गणित यांतून आलेला विद्यार्थीही तेथे रुजू होतो, कारण तेथे आधी हवा तो युक्तिवादाचा आणि वाचनाचा संस्कार, कायद्याच्या कलमांचा परिचय नव्हे. आपल्या घरांत मात्र वकील व्हायचे म्हणजे कायदाच घ्यायचा, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते.

अधिकाराच्या कल्पनेचा विपर्यास कसा होतो, याचे उदाहरणही याच देशात घडले. रसेल ग्रुप या नावाने एकत्र आलेल्या विद्यापीठांनी २०११ साली एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि तीत गणित, भौतिक व रसायन, जीवशास्त्र, इतिहास, भूगोल, इंग्रजी वाङ्मय, भाषा अशा काही विषयांची, पुढचे मार्ग खुले ठेवणारे म्हणून, यादी दिली. उद्देश चांगला होता; सोळाव्या वर्षी अजाणतेपणी एखादी वाट बंद होऊ नये एवढाच तो होता. परंतु सल्ल्याचे फर्मान व्हावयास वेळ लागत नाही. यादीतले विषय थोर आणि यादीबाहेरचे संगीत, चित्रकला, नाट्य हे हलके, असा अर्थ काढला जाऊ लागला, आणि अखेरीस २०१९ साली त्या विद्यापीठांनी ती यादीच मागे घेतली. मला यात विद्यापीठांचा दोष फारसा दिसत नाही. प्रतिष्ठेची उतरंड रचण्याची जी सवय समाजाच्या हाडीमाशी खिळलेली आहे तिचा दिसतो.

त्या सवयीविषयी आपण मराठी माणसांनी तरी मौन पाळू नये. स्वधर्माचा उल्लेख मी येथवर मुद्दाम टाळला, कारण ज्या स्वधर्माचे गुणगान आपल्याकडे शतकानुशतके झाले तो व्यवहारात जन्माने ठरलेला व्यवसाय होता, आणि त्याचा हिशेब चुकता केल्यावाचून तो शब्द उच्चारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत शाळेत शिकत असता त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते त्यांना नाकारण्यात आले आणि फारसी घ्यावी लागली. विषयनिवडीच्या इतिहासात याहून मोठा अन्याय मला ठाऊक नाही. पुढे कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन असा प्रवास केलेल्या या पुरुषाने संस्कृत ग्रंथांचा धांडोळा स्वतःच्या बळावर घेतला आणि १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवर ग्रंथ लिहिला. त्याआधी दहा वर्षे, १९३६ साली, ‘जातिभेद निर्मूलना’वरील, प्रत्यक्षात कधीच न दिलेले आपले भाषण छापून प्रकाशित करताना त्यांनी जातिव्यवस्थेवर जो आक्षेप घेतला त्यात हेही होते, की माणसाची स्वतःची, शिक्षणाने पारखलेली कुवत न पाहता आईबापांच्या सामाजिक दर्जावरून ती त्याचे काम आगाऊ नेमून देते. हे वाक्य मनात ठेवून आपल्या घरातील बैठकीकडे पाहावे. डॉक्टराच्या मुलाने डॉक्टर, अभियंत्याच्या मुलीने अभियंता, आणि ज्यांच्या घरी यांपैकी कोणी नाही त्यांनी कुटुंबाचा दर्जा वाढविण्यासाठी यांपैकी काहीतरी व्हावे, हा आग्रह आणि जुनी वर्णव्यवस्था यांत क्रौर्याचे अंतर फार मोठे आहे, ते मी पुसू इच्छित नाही. तरीपण काम नेमून देताना पाहण्याची दृष्टी तीच आहे, मुलाकडे न पाहता घराकडे पाहण्याची. स्वधर्म हा शब्द पुन्हा वापरावयाचा असेल तर तो जन्मापासून पूर्णपणे सोडवून घेतला पाहिजे, आणि ज्या विद्येच्या सहवासात मनुष्य फळाची वाट न पाहता दीर्घकाळ श्रम करू शकतो ती त्याची विद्या, इतकाच त्याचा अर्थ ठेवला पाहिजे.

आणि ही विद्या कोणती, हे सोळाव्या वर्षी अंशतःच कळते. अज्ञान मुलाच्या वतीने पालकाने केलेले गहाणखत कायदा सहजासहजी मान्य करीत नाही. परंतु पंचविशीच्या माणसाच्या वतीने सोळा वर्षांच्या मुलाने केलेले गहाणखत आपण विनातक्रार मान्य करतो, आणि तेही बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तोंडच्या मजकुरावर. चार्ल्स डार्विनच्या वडिलांनी, जे स्वतः वैद्य होते, त्याला १८२५ साली सोळाव्या वर्षीच वैद्यक शिकण्यासाठी एडिंबरोला पाठविले. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळातील शस्त्रक्रिया त्याला पाहवल्या नाहीत, आणि मग धर्मोपदेशक करण्याच्या इराद्याने त्याची रवानगी केंब्रिजला झाली. तेथे त्याने प्रोफेसर हेन्स्लो यांची वनस्पतिशास्त्राची व्याख्याने ऐकली, जी त्याच्या पदवीसाठी आवश्यक नव्हती, आणि त्याच हेन्स्लोंच्या शिफारशीने तो १८३१ साली बीगल जहाजावर चढला. व्यवसायाकडे पाहून दोनदा आखलेला मार्ग दोनदा सुटला, आणि ज्याची कोणी अट घातली नव्हती ते अध्ययन उपयोगी पडले. सर्वच मुले डार्विन नसतात, हे खरे. पण आपले मूल पुढे काय होणार हे डार्विनच्या वडिलांहून आपल्याला अधिक कळते, असे मानण्यासही आधार नाही. आपल्याकडे गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती म्हणून शिकले आणि त्यांनी प्राचीन नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावून इतिहासाची नवी दारे उघडली. गणित घेताना त्यांनी नाणी डोळ्यांपुढे ठेवली असतील असे कोण म्हणेल?

तीन विषय हे फार थोडे, असा एक आक्षेप या व्यवस्थेवर नेहमी घेतला जातो. १९५९ साली सी. पी. स्नो यांनी केंब्रिजमध्ये दोन संस्कृतींवरील आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले आणि विज्ञान जाणणारे व साहित्य जाणणारे एकमेकांना कसे पारखे झाले आहेत हे सांगितले; त्याच वर्षी क्राउथर समितीने मात्र थोड्या विषयांत खोल जाण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. माझा कल समितीकडे आहे. छांदोग्यातील नारद सनत्कुमारांपुढे आपण शिकलेल्या विद्यांची मोठी यादी सादर करतो. वेद, इतिहासपुराण, गणित, नक्षत्रविद्या, क्षत्रविद्या, सारे त्यात आहे, आणि तरी तो शोकाकुल आहे. विषयांची संख्या वाढवून त्याचा शोक गेला नसता. सनत्कुमार त्याच्या विद्यांना टाकाऊ म्हणत नाहीत. ते त्या सर्वांना नाम म्हणतात आणि तेथूनच त्याला पायरीपायरीने आत नेतात. एखाद्या विषयात मनापासून उतरलेल्या विद्यार्थ्याला त्याच्या तळाशी गेल्यावर दुसऱ्या विषयांची दारे आपोआप सापडतात. दहा विषय वरवर हाताळणाऱ्याला एकही सापडत नाही.

म्हणून, ज्यांच्या घरी यंदा हा अर्ज भरावयाचा आहे त्यांना माझी एक विनंती आहे. मुलाला खरोखर वैद्यकीकडे जावयाचे असेल, तर रसायन आणि जीवशास्त्र ही त्या कर्माची तयारी म्हणून घ्या. अभियंता व्हावयाचे असेल, तर गणित व भौतिक घ्या. यांपैकी बहुतेक मार्गांत तिसरा विषय विद्यापीठांनी मोकळा सोडलेला असतो. त्या तिसऱ्या जागी काय लिहावयाचे हे मुलाला एकट्याला ठरवू द्या, त्याचे कारण विचारू नका, आणि त्याने तेथे संगीत, लॅटिन किंवा तत्त्वज्ञान लिहिले तरी खाली सही करा.