धसका घेतला की बसला?

मराठीत माणूस धसका ‘घेतो’, हाय ‘खातो’. जणू कुणी पुढे केलं होतं आणि नको म्हणता आलं असतं. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांनी हाय खाल्ली आणि जून १७६१मध्ये ते पर्वतीवर गेले, असं आपण शाळेपासून ऐकतो. अठरा वर्षांचा नाना फडणवीस पानिपताहून वेश पालटून निसटला. आईची ताटातूट झाली. त्याच्या छोटेखानी आत्मचरित्रात ही पळापळ आहे. पुढे त्याला भित्रा म्हणणारे पुष्कळ निघाले. अडीचशे वर्षांनी त्याच्या मनाचं निदान करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण ‘भित्रा’ हेही निदानच होतं, आणि ते मात्र बिनदिक्कत झालं.

‘धसका बसला’ असंही आपण म्हणतो. तिथे माणूस कर्ता उरत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० साली पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणावविकार, दाखल झाला तेव्हा नेमकं हेच क्रियापद बदललं. व्हिएतनामहून परतलेले सैनिक त्यासाठी भांडले होते. खोट माणसात शोधू नका, आधी त्याच्यावर काय कोसळलं ते विचारा, असं त्यांचं म्हणणं होतं.

दिल्लीत आमच्या शेजारी एक मराठी काकू राहायच्या. २९ ऑक्टोबर २००५, दिवाळी तीन दिवसांवर. संध्याकाळी सरोजिनीनगरच्या बाजारात स्फोट झाला तेव्हा त्या तिथे होत्या. पहाडगंज आणि गोविंदपुरीतही त्याच सुमारास स्फोट झाले; एकूण साठाहून अधिक माणसं गेली. काकूंना ओरखडाही नव्हता, त्यामुळे जखमींच्या यादीत त्या नव्हत्या आणि घरच्यांच्या लेखी विषय तिथेच संपला.

पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं हे कुणाचंही होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. महिना उलटूनही ते हटत नाही, तेव्हा विकाराची शंका घ्यायची. काकू रडत नव्हत्या, म्हणून कुणी घेतली नाही. त्या फक्त बाजार टाळायच्या. ‘गर्दी सोसत नाही गं’, एवढंच कारण. पुढे चिडचिड वाढली, तर घरात ठरलं की वय झालं. बसमध्ये चढल्यावर आधी वाकून सीटखाली बघायच्या. ही खूण तर कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. मे १९८५मध्ये ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेले बॉम्ब फुटल्यापासून दिल्ली आपल्या नागरिकांना तेच शिकवत आली आहे: सीटखाली पाहा, बेवारस वस्तूला हात लावू नका. जिथे सावधपणा हे कर्तव्य ठरतं, तिथे तो कधी आजार झाला हे ओळखणार कोण? मीही त्यांना ‘जागरूक’ म्हणून वाखाणलं होतं.

बऱ्याच वर्षांनी, डोकेदुखीच्या निमित्ताने, त्या एका डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या. सोबत मी होते. बाईंनी स्फोटाबद्दल विचारलंच नाही. त्या दिवशी खरेदी काय केली, एवढंच विचारलं.

काकूंनी पिशवी मांडीवर नीट घेतली.

“दोन डझन पणत्या,” त्या म्हणाल्या. “मोजून घेतल्या होत्या. पैसे द्यायचे राहिलेत अजून.”