तुरीला पाऊस कळत नाही

मे महिना सरत आला की टिटवीची अंडी बातमीत येतात. उंचवट्यावर दिसली तर पाऊसपाणी बरं, ओढ्याच्या पात्रात दिसली तर दुष्काळ. कावळ्याने आंब्यावर घरटं बांधलं तर बरकत, बाभळीवर बांधलं तर चिंता. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींनी असे संकेत आस्थेने लिहून ठेवले, ते काम मोलाचंच आहे. पण त्यावरून ‘निसर्गाला सगळं आधीच कळतं’ म्हणणं म्हणजे निसर्गाला उगाच ज्योतिषी करणं. टिटवी मोकळी, खड्याळ जमीन बघून अंडी घालते. तिला आजची जमीन दिसते, जूनचा पाऊस दिसत नाही.

राणीसावरगावच्या शिवारात हे नीट तपासता येतं. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातलं, बालाघाटाच्या रांगेतलं हे रेणुकादेवीचं गाव. भोवतालच्या पट्ट्यात सोयाबीन, कपाशी आणि तूर ही नेहमीची पिकं, बरीचशी कोरडवाहू. इथे पावसाची ओढ बसली की पेरणी जुलैत जाते. माणूस पुन्हा हिशेब मांडतो, वाण बदलतो, उसनवारी करतो. तूर यातलं काहीच करत नाही. उशिरा पेरलेली, दीर्घ मुदतीची तूर आपली वाढ पुरी व्हायची वाट बघत बसत नाही. रात्र पुरेशी लांबली की कमरेएवढ्या झाडालाही कळी धरते. वेळेवर पेरलेली शेजारची तूर डोक्याच्या वर गेलेली असते, आणि फुलोरा मात्र दोन्हींचा थोड्याच दिवसांच्या अंतराने येतो.

तूर मोजते ती रात्र. झाडं दिवसाच्या लांबीनुसार फुलतात हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी संशोधकांनी 1920 मध्ये मांडलं. खरी मोजणी अखंड अंधाराची असते, हे पुढच्या प्रयोगांतून कळलं. पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य उजेडात एक रूप घेतं आणि अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपाकडे परततं. परभणीच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. जेमतेम सव्वादोन तासांच्या या फरकावर झाडाचं सगळं पंचांग उभं आहे.

पंचांग चोख आहे, पण त्याचा पावसाशी थेट संबंध नाही. ज्या झाडांनी जमिनीत ओल असताना फूल धरलं त्यांचं बी उरलं, आणि ती वेळ ओळखायला रात्रीची लांबी ही सर्वांत भरवशाची खूण होती. पाऊस मागेपुढे होतो, रात्र होत नाही. म्हणजे झाड परिस्थितीला उत्तर देत नाही, परिस्थितीच्या खुणेला देतं. मग खूण खोटी निघाली की उत्तरही फसतं. रस्त्याकडेच्या दिव्याखालचं सोयाबीन पाहावं. सगळं रान पिवळं पडून पानं गाळतं, आणि खांबाभोवतीचा एक तुकडा हिरवागार, उशिरा शेंग भरणारा. त्या झाडांच्या लेखी रात्र झालेलीच नसते.

कामगंध सापळा हा याच फसवणुकीचा धंदा आहे, आणि तो मला फार आवडतो. गुलाबी बोंडअळीची मादी रात्री जो गंध सोडते तो दोन जवळजवळ सारख्या रेणूंचं मिश्रण असतो. 1973 मध्ये तो ओळखला गेला, त्याला गॉसिप्लूर म्हणतात. तो रबरी ल्यूरमध्ये भरून सापळ्यात टांगला की नर वाऱ्याच्या उलट दिशेने नेमका तिथे येतो. त्याच्या मिशांची कमाल आहे, पण त्या मादी ओळखत नाहीत, गंध ओळखतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपाय करायचा, अशी शिफारस आहे. म्हणजे आपल्याला न येणारा वास आपण पतंगाच्या मिशांतून घेतो. ज्याने सापळा रोज पाहिला नाही त्याला डोमकळी दिसते तेव्हाच कळतं: पाकळ्या मिटून गुंडाळलेलं फूल, आणि उघडलं की आत अळी.

माणसाकडे अशी उसनी इंद्रियं बरीच आहेत, आणि त्यांतलं सर्वांत मोठं म्हणजे दुसऱ्या माणसाचं तोंड. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात, पाण्याच्या ताणावरच्या किंवा कापणीनंतर फुटलेल्या धांड्यात धुरीन नावाचं द्रव्य वाढतं. गुराने चावलं की पेशी फुटतात, धुरीन विकराशी मिसळतं आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतं. भुकेलं जनावर तो हिरवा फुटवा खुशाल खातं. त्याचं नाक त्याला वाचवत नाही. ही विषबाधा, म्हणजे किराळ, लागली की डॉक्टर येईपर्यंत बरेचदा वेळ उरत नाही. गुराख्याचं नाक गुराहून तिखट नसतंच. पण कुणाचं तरी जनावर पूर्वी दगावलं, ते घरोघर सांगितलं गेलं, आणि ज्याने ते पाहिलंही नाही तो पोरगा आज गुरं त्या रानातून वळवतो. हे ना तुरीला जमतं, ना पतंगाला.

इथे थांबलो असतो तर माणसाची बाजू फारच उजळ दिसली असती. पण फरदडीचं, म्हणजे हंगाम संपल्यावरही रानात राखलेल्या कपाशीचं काय? 2017 मध्ये बोंडअळीने महाराष्ट्रातली कपाशी पोखरली तेव्हापासून डिसेंबरअखेर पीक काढून रान मोकळं करा, असा सल्ला सतत दिला जातो. कारण साधं आहे: दिवस लहान आणि रात्री थंड झाल्या की बऱ्याच अळ्या सरकीत, वाळल्या बोंडांत सुप्तावस्थेत जातात, आणि फरदड ठेवली तर त्यांच्या पिढ्यांना खाणं मिळत राहतं. हे गावात ठाऊक नाही असं नाही. तरीही पाण्याची सोय असली आणि झाडाला पुन्हा पाती लागली की उपटायला हात धजत नाही. उधारी अंगावर असते, भाव थोडा वधारलेला असतो, समोरची चार बोंडं खरी वाटतात. त्याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. जवळची खूण लांबच्या खुणेवर मात करते, एवढंच. आणि ती लांबची खूण एकट्याने मानून भागतही नाही. एकाने पऱ्हाट्या उपटल्या आणि बांधापलीकडे फरदड उभी राहिली, तर पुढच्या हंगामात पतंग दोघांच्याही कपाशीवर येतात.